लू फेस्टमधली अकरा मिनिटं

अजनी, नागपूर
२४ एप्रिल २०२३

चि. देवीदास,

आशीर्वाद. तब्येत विचारत नाही, कारण तू खरं सांगत नाहीस.

सरळ मुद्द्यावर येते. अनुजाला भिलाईत नोकरी लागली, तेव्हा धनंजय मला म्हणाला होता, "आई, देवीदासमामाच्या घरी राहील, म्हणजे घरच्यातच राहील." मला वाटलं, नातीला माणसांची ओढ आहे. काल त्याच्या तोंडून खरं सांडलं. तुझ्याकडे येण्याआधी तिला दोन घरमालकांनी सामानासकट बाहेर काढलं होतं, कारण सामानात ड्रम होते. मालकाला ऐकू येत नाही असं भिलाईत एकच घर होतं, ते तिने बरोबर शोधलं. माझ्या मुलाला हे दोन वर्षांपासून माहीत होतं. त्याला विचारलं, "आता काय करायचं?" तर म्हणतो, "आई, तू म्हणशील ते." लहानपणापासून तो एवढंच म्हणतो.

आता पुढचं ऐक. वीस मेला नंदिनी नगरच्या पुढे, अहिवाऱ्याच्या रस्त्याला, खदानीजवळच्या उघड्या मैदानात हजारो पोरं जमणार आहेत. दुपारी चारपासून रॉक म्हणून जे काय असतं ते वाजणार आहे, आणि त्यात आपली अनुजा ड्रम वाजवणार आहे. कार्यक्रमाचं नाव 'लू फेस्ट'. अरे, लू लागून माणसं मरतात! उद्या हे कॉलरा फेस्टही काढतील.

मी फोनवर विचारलं तर म्हणते, "आजी, सब सेफ आहे, तू टेन्शन नको घेऊ." सेफ आहे की नाही ते मी तिच्याकडून ऐकणार नाही. तुझ्याकडून ऐकेन, तेही कागदावर. फोन तुला ऐकू येत नाही हे एक, आणि फोनवर बोललेलं मागाहून फिरवता येतं हे दुसरं.

तेव्हा तू तिच्याबरोबर जा, डोळ्यांनी बघ आणि मला लिही. तू ठीक म्हणालास तर वाजवू दे तिला. नाही म्हणालास तर जूनच्या पहिल्या आठवड्यात धनंजय येऊन तिला नागपूरला घेऊन येईल आणि ड्रम तिथेच राहतील. तुझ्या क्रेनखाली छत्तीस वर्षांत कोणाचं नखसुद्धा मोडलं नाही, म्हणून तुझा शब्द मी मानते.

हे रेल्वेत गार्ड होते तेव्हा म्हणायचे, "गाडीत कोण गाणं म्हणून राहिलं ते गार्डाले कोणी पुसत नाही. गाडी सोडायची का नाही, तेवढंच पुसतात." त्यांची हिरवी आणि लाल झेंडी अजून माझ्या ट्रंकेत आहे, जमा करायची राहून गेली. तू गार्ड आहेस असं समज.

तुझी,
बाई


स्मृति नगर, भिलाई
३० एप्रिल २०२३

ती. बाईस,

देवीदासचा नमस्कार.

पत्र दोनदा वाचलं. घरमालकांचं मलाही ठाऊक नव्हतं. राहायला आली तेव्हा अनुजा माझ्या उजव्या कानात ओरडून म्हणाली होती, "आबा, तुमच्या घरी शांती आहे." मला बरं वाटलं होतं.

संध्याकाळी ती वरच्या खोलीत काहीतरी करते एवढं मला माहीत आहे. टेबलावरची फुलदाणी सरकत सरकत कडेला येते, ती मी परत मधोमध ठेवतो. शेजारचे अरुणकुमार बाबू गेल्या वर्षी दोनदा येऊन खूप हातवारे करून गेले. मला वाटलं, प्रेमला गेल्यापासून मी एकटा पडलो म्हणून माझी विचारपूस करतात. मी दोन्ही वेळा चहा पाजला. तुझं पत्र वाचल्यावर त्यांच्या हातवाऱ्यांचा अर्थ लागला.

हातवाऱ्यांचं आमचं शास्त्र मात्र वेगळं होतं. स्टील प्लँटच्या आमच्या शॉपमध्ये आवाज एवढा, की सगळं बोलणं हातांनीच चाले. एक बोट वर करून गोल फिरवलं की क्रेनने माल वर उचलायचा. तळहात खाली केला की हळू उतरवायचा. आणि दोन्ही हात डोक्यावर उंच करून हलवले की सगळं जागच्या जागी बंद. हा शेवटचा इशारा झाडूवाल्याने दिला तरी जीएमसाहेबांनी थांबायचं, आणि कारण नंतर विचारायचं. या एका नियमावर माझी छत्तीस वर्षं बिनधोक गेली. रिटायर झालो तेव्हा शॉपच्या लोकांनी पितळेची पाटी दिली, 'शून्य अपघात'. ती बैठकीत प्रेमलाच्या फोटोशेजारी लावली आहे. अनुजालाही मी हे इशारे शिकवले आहेत. भाजी संपली, दार वाजतंय, वर ये, खाली ये, आमचं घर त्याच्यावरच चालतं.

तू सांगितलंस तसा मी जाईन. पोरगी आल्यापासून घराला घरपण आलं आहे, ती गेली तर मला फार जड जाईल, हे लपवत नाही. पण म्हणून अहवालात एक अक्षर इकडचं तिकडे होणार नाही. अपघाताच्या बाबतीत मी सख्ख्या भावाचंही ऐकलं नसतं.

तुझा,
देवीदास


अजनी
५ मे २०२३
(पोस्टकार्ड)

चि. देवीदास, आशीर्वाद. अक्षर एक इकडचं तिकडे नको, बस. खिशात कांदा ठेव, अनुजाच्याही ठेव. तिच्याबरोबरच्या पोरांनाही दे, त्यांच्या आयांना सुचलं नसेल. डोक्याला दुपट्टा बांध. पन्हं घरून ने. बाई.


स्मृति नगर, भिलाई
१५ मे २०२३

ती. बाईस नमस्कार.

काल स्कूटर काढून मैदान आधीच बघून आलो. अनुजाने नको नको म्हटलं, पण काम सुरू होण्याआधी जागा बघायची नाही, हे मला जमत नाही.

मैदान मोठं आहे, तीन बाजू मोकळ्या, म्हणजे पळायला वाट आहे. स्टेज लोखंडी पाइपांचं. मी प्रत्येक क्लँप हलवून बघितला, सतरा ढिले निघाले, ते कसून घेतले. पोरं आधी हसली आणि मग पाना आणून देऊ लागली. कार्यक्रम भरवणारा प्रफुल्ल म्हणून मुलगा आहे, हुशार आहे, पण पायात स्लीपर घालून फिरतो. त्याला मी बूट घालायला लावले.

स्टेजच्या मागे मोठा जनरेटर आहे, खोलीएवढ्या लोखंडी खोक्यात बंद केलेला. तो चालवणाऱ्या बबलूने आणीबाणीच्या लाल बटणावर आपला ओला गमछा वाळत घातला होता! मी गमछा काढला आणि त्याला सांगितलं, "बेटा, हे बटण दिसलं पाह्यजे. वेळ आली तर शोधत बसशील का?" तो म्हणाला, "चाचा, आज तक किसीने दबाया ही नहीं." मी म्हटलं, "पण वेळ सांगून येत नाही."

अनुजाच्या बँडचं नाव 'धमनभट्टी' आहे, लोखंड गाळायच्या भट्टीवरून. पीयूष गिटार वाजवतो, रोशनी गाते. दोघं प्लँटमधल्या लोकांचीच मुलं, नमस्कार करतात. त्यांचं नवं पथक आहे म्हणून फक्त वीस मिनिटं दिली आहेत, सहा ते सहा वीस. ती चांगली गेली तर पुढच्या वर्षी मोठ्या बँडबरोबर बोलावणार आहेत.

आतापर्यंतचा अहवाल अनुकूल. चाळीस कांदे आणले.

देवीदास


स्मृति नगर, भिलाई
२२ मे २०२३

ती. बाईस साष्टांग नमस्कार.

परवा लू फेस्ट पार पडला. सविस्तर लिहितो.

पार्किंगची व्यवस्था उत्तम होती. दुचाकी डावीकडे, चारचाकी उजवीकडे, मध्ये ॲम्ब्युलन्सची वाट मोकळी. ती वाट पांढऱ्या फक्कीने आखली होती, पण वाऱ्याने फक्की उडत होती, म्हणून मी दोरी बांधून घेतली. पाण्याचे टँकर चार, त्यांतल्या एकाचा नळ गळत होता, तो सुतळीने आवळला.

फाटकावर माझी पिशवी अडवली. पोरगा म्हणतो, "चाचा, बाहर का खाना अलाउड नहीं है." मी म्हटलं, "हा खाना नाही, सुरक्षा साधन आहे." त्याने पिशवीत हात घालून एकेक कांदा बाहेर काढला, मोठ्या साहेबाला बोलावलं, साहेबानेही एकेक कांदा बघितला. शेवटी 'सुरक्षा साधन, चाळीस नग' असं वहीत लिहून आत सोडलं. पाच वाजता तोच पोरगा धापा टाकत आला आणि एक नग मागून घेऊन गेला. साडेपाचपर्यंत सदतीस कांदे वाटले. तिथे केस रंगवलेली, अंगभर चित्रं गोंदवलेली मुलं खूप आहेत, पण कांदा दिला की वाकून नमस्कार करतात.

आणखी एक नवल. आवाज इतका होता, की कोणालाच कोणाचं ऐकू येत नव्हतं. सगळे एकमेकांच्या कानाला तोंड लावून ओरडत होते. आयुष्यात पहिल्यांदा लोक मला "क्या? क्या?" करत होते. एक मुलगी कानात घालायचे बोळे वाटत होती, तिला मी सांगितलं की माझे आतूनच बसवलेले आहेत.

सहाच्या सुमारास वीज थोडा वेळ गेली होती, ती आली. अनुजाने वाजवलं.

बाकी विशेष काही नाही. अहवाल अनुकूल समजावा.

तुझा,
देवीदास


अजनी
२६ मे २०२३

देवीदास,

तुझ्या पत्रात पार्किंग आहे, टँकर आहे, चाळीस कांद्यांची जन्मकथा आहे, आणि माझ्या नातीला दोन शब्द आहेत, "अनुजाने वाजवलं." पन्नास वर्षं मी तुझी पत्रं वाचते आहे. ज्या गोष्टीवर तू कमी लिहितोस तिथेच पाणी मुरत असतं.

मी दुर्गच्या मथुरावहिनींना फोन केला. त्यांचा नातू गेला होता. तो सांगतो, की 'धमनभट्टी' स्टेजवर आली आणि पाच मिनिटांत सगळा कार्यक्रम बंद पडला. दिवे नाहीत, भोंगे नाहीत, जनरेटरवर पळापळ. मागून जाहीर केलं की या बँडच्या वायरिंगमध्ये खराबी होती, आणि त्यांचं नाव पुढच्या वर्षीच्या यादीतून कापलं. विजेची वायर खराब, आणि तिथे माझी नात बसलेली! आणि तू लिहितोस, बाकी विशेष नाही?

वायर तपासायची तुला सुचली नाही? सतरा क्लँप कसलेस, नळाला सुतळी बांधलीस, आणि पोरीच्या पायाखालची वायर राहिली?

धनंजय चार जूनला येतो आहे. अनुजाने सामान बांधून ठेवावं. ड्रम कोणाला द्यायचे ते तुम्ही बघा.

बाई


स्मृति नगर, भिलाई
३० मे २०२३

प्रिय आजी,

माझी मराठी वाचून हसू नको, मी घरी बोलते तशीच लिहून राहिले.

पप्पांचा फोन आला. मी येते, काही प्रॉब्लेम नाही. वायरिंगची गलती आमचीच होती. पीयूषच्या ॲम्पची वायर जुनी होती, मला मालूम होतं, तरी मी चलने दो म्हटलं. आबांचा यात काहीच दोष नाही. त्यांनी सगळं चेक केलं होतं, फक्त तीच एक वायर आम्ही बादमध्ये लावली.

आजी, एकच ऐक. आबांना काही बोलू नको. ते त्या दिवसापासून नीट जेवत नाहीत आणि ती पितळेची पाटी बघत बसतात. मी गेल्यावर त्यांना दर आठवड्याला पत्र लिहीत जा. त्यांना फोन ऐकू येत नाही, आणि ते ऐकू आल्यासारखं करतात.

तुझी,
अनुजा


स्मृति नगर, भिलाई
३१ मे २०२३
(स्पीडपोस्टाने)

ती. बाईस,

सोबत अनुजाचं पत्र आहे. ते सगळं खोटं आहे.

लिफाफा चिकटवून टाकायला तिने माझ्याकडे दिला होता. दुसऱ्याचं पत्र वाचू नये, पण वाचलं, आणि वाचल्यावर राहवेना. आता मी लिहितो ते खरं. आमच्या जुन्या रिपोर्टच्या पद्धतीनेच लिहितो, म्हणजे मला पळवाट राहणार नाही.

वायरिंग उत्तम होतं. मी स्वतः तपासलं होतं. बंद पडलं, कारण मी बंद पाडलं.

सहा वाजता पोरांनी सुरू केलं, तेव्हा मी स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात, जनरेटरपाशी उभा होतो. अनुजाने आधीच बजावलं होतं, "आबा, तुमी मागंच उभे राहा. आन कोणाले काही शिकवू नका." मी मागेच उभा होतो. समोर मैदानभर माणसं. आवाज मला छातीत धडधड एवढाच कळत होता. मिल चालू असल्यासारखं वाटत होतं, म्हणून मन निवांत होतं. काही पोरं बोट वर करून गोल फिरवत होती. वर उचल, असं म्हणत होती. मी म्हटलं, चला, भाषा ओळखीची आहे.

तेवढ्यात गर्दीच्या मधून एक पोरगा आडवा पडलेला दिसला. लोक त्याला डोक्यावरून हातांहातांनी पुढे आणत होते, मान मागे लोंबत होती. लू लागली असेल, की शॉक? मी अनुजाकडे बघितलं, ती खाली मान घालून वाजवत होती. आणि मग समोरच्या सगळ्या माणसांनी, हजारो माणसांनी, एकदम दोन्ही हात डोक्यावर उंच केले आणि हलवायला लागली.

छत्तीस वर्षांत मला तो इशारा एकेका माणसाने दिला होता. इथे अख्खं मैदान देत होतं, आणि कोणी थांबत नव्हतं.

कारण नंतर विचारायचं. मी लाल बटण दाबलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण बंद केलेलं यंत्र दुसरा कोणी चुकून चालू करू नये, म्हणून आमच्यात कुलूप घालायचं असतं. माझं जुनं कुलूप, त्याच्या पाटीसकट, सवयीने पिशवीत होतं. मी जनरेटरच्या खोक्याचं दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली आणि 'माणसं कामावर आहेत' अशी पाटी अडकवून दारासमोर उभा राहिलो. बबलू धावत आला. तो काय म्हणत होता मला ऐकू आलं नाही, त्याच्या तोंडावरून शिव्या असाव्यात.

तोपर्यंत तो आडवा पोरगा स्टेजपाशी पोचला, टुणकन खाली उतरला आणि हसत परत गर्दीत गेला. त्याला काही झालं नव्हतं. ती त्यांची मजा असते. हात हलवणं हीसुद्धा मजा असते. मैदानात एकटा मीच गंभीर होतो.

बबलूने किल्ली मागितली. मी खिशात हात घातला, तर कांदा. दुसऱ्या खिशात कांदा. किल्ली सापडेना. समोर रोशनीचं तोंड हलत होतं, आवाज नाही. पीयूष गिटारीच्या तारा ओढत होता, आवाज नाही. पोरांची वीस मिनिटं चालली होती आणि मी कांदे काढत होतो. मी आधारासाठी स्टेजचा लोखंडी पाइप धरला.

आणि मला ऐकू आलं.

ड्रमला वीज लागत नाही. सगळं बंद पडलं होतं आणि अनुजा वाजवत होती. पाइपातून हातात, हातातून खांद्यात, आणि तिथून कुठे ते मला सांगता येत नाही, पण एकेक ठोका वेगळा ऐकू आला. जाड वेगळा, बारीक वेगळा, मध्ये ती जरा थांबायची तेवढी जागाही ऐकू आली. दोन वर्षं ती माझ्या डोक्यावरच्या खोलीत हे वाजवते आहे, आणि मी फुलदाणी सरकवत होतो.

तिने मान वळवली. मी, कुलूप, पाटी, बबलू, सगळं तिने एका नजरेत बघितलं. हात थांबला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, घरात विचारते तशी, आबा, काय करू? मला एवढंच सुचलं. मी बोट वर केलं आणि गोल फिरवलं. वर उचल.

तिने उचललं, बाई. अकरा मिनिटं. समोरची माणसं टाळ्यांनी तिच्याबरोबर ठेका धरू लागली, जमीन हलत होती. मी रडत होतो आणि बबलू माझे खिसे उलटे करत होता. किल्ली शेवटी चष्म्याच्या घरात सापडली.

जनरेटर चालू झाल्यावर अनुजा प्रफुल्लशी काहीतरी बोलताना दिसली. मला वाटलं, तो शाबासकी देतो आहे. ती दोष आपल्यावर घेत होती, हे मला तिच्या पत्रातून कळलं. बबलूलाही तिनेच गप्प केलं होतं. पण बटण मी दाबलं हे तर मला माहीत होतं, आणि ते मी तुझ्यापासून लपवलं. त्या पितळेच्या पाटीपायी लपवलं. पोरगी माझ्यासाठी नाव घालवायला निघाली आणि मी तुला पार्किंग लिहीत बसलो, याची मला लाज वाटते.

काल प्रफुल्लच्या घरी जाऊन लेखी रिपोर्ट दिला. घटनेचं कारण: निरीक्षकाचा गैरसमज. किल्ली न सापडण्याचं कारण: कांदे. तो आधी वाचत होता, मग खाली बसला, मग त्याच्या आईने पाणी आणून दिलं. हसू आवरल्यावर त्याने कागदावर लिहून दिलं, की वायरिंगची बातमी चूक होती असं तो सगळ्यांना कळवेल आणि 'धमनभट्टी'चं नाव यादीत परत घालेल. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, "चाचा समोर बसतील. मागे नाही."

पाटी भिंतीवरून काढली आहे. अनुजा रागावली, तिने परत लावली. मी परत काढली. सध्या ती टेबलावर फुलदाणीखाली आहे, त्याने फुलदाणी सरकत नाही.

माझा अहवाल असा. मैदान सेफ होतं. पोरं सेफ होती. धोका एकच होता, तो मी घरून नेला होता. पोरीला इथे राहू द्यायचं की नाही हे तू ठरव. माझा शब्द मानू नकोस, तो मी घालवला आहे. फक्त तिचं वाजवणं माझ्या चुकीपायी थांबवू नकोस.

देवीदास


अजनी
३ जून २०२३

चि. देवीदास,

अनेक आशीर्वाद.

पत्र काल दुपारी आलं. किल्लीपर्यंत वाचलं आणि हसता हसता मला ठसका लागला. धनंजय पाणी घेऊन धावला. मग त्याने स्वतः वाचलं आणि तो पायरीवर जाऊन बसला. उजेडात आणून बघितलं तर डोळे पुसत होता. माझ्या मुलाने मी न सांगता केलेली ही पहिली गोष्ट.

तू मूर्ख आहेस. लहानपणी आजोबांनी आळस द्यायला हात वर केले, तर विहिरीचा रहाट सोडून पळाला होतास, त्यात फरक पडलेला नाही. पण एक सांगते. हजार माणसांनी थांब म्हटलं असं ज्याला वाटलं आणि जो थांबला, त्याच्या घरी माझी नात राहिली तर मला झोप लागेल. कुलूप मात्र घरी ठेवत जा.

अनुजाला सांग, की आजीला खोटं लिहायचं असेल तर आधी नीट मराठी शीक. "चलने दो म्हटलं" हे वाचूनच मला शंका आली होती. हिने आयुष्यात कशालाही चलने दो म्हटलेलं नाही. तरी तिने जे केलं ते वाचून मला तिचा फार अभिमान वाटला, हे तिला सांग. मी तोंडावर सांगणार नाही, डोक्यावर बसेल.

धनंजयचं तिकीट रद्द केलं. पुढच्या वर्षी मी येईन. मला काही तुझ्यासारखा पाइप धरावा लागणार नाही, माझे कान शाबूत आहेत, तेव्हा बोळे घेऊन ठेव. आणि दोन कांदे माझ्या नावाचे. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं, की तुला ऐकू आलं तेव्हा मी तिथे नव्हते.

सोबत पार्सल आहे. ट्रंक उघडली तेव्हा यांच्या झेंडीला अजून डांबरगोळीच्या खाली इंजिनाच्या धुराचा वास होता, की मलाच तसं वाटलं कोण जाणे. तू समोर बसशील तेव्हा बोटं फिरवू नकोस, तुझ्या बोटांवर माझा आता भरवसा नाही. पोरगी तुझ्याकडे बघेल तेव्हा ही दाखव.

हिरवी पाठवली आहे. लाल माझ्यापाशी ठेवली आहे.

तुझी,
बाई